झाकण निसटल्याने

"काकवीने भरलेली किटली उचलत असताना झाकण निसटल्याने गरम काकवी अंगावर सांडून मी भाजले."

हे वाक्य माझं आहे. रुग्णालयात जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने 'सदर महिला ही' अशी सुरुवात केली होती, आणि तीन ओळी संपल्या तरी त्याचं क्रियापद आलं नव्हतं. मी पडल्या पडल्या त्याला म्हटलं, "थांबा, मी सांगते तसं लिहा." त्याने लिहिलं, वाचून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम पेपरात छापून आल्यागत झालाय बघा जबाब."

मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या कापून, नीट करून पानात बसवणं हे माझं काम. विवाहित बाई भाजून दाखल झाली की पुढे काय होतं, हे त्यामुळे मला ठाऊक होतं. पोलिस येतात. नवऱ्याला बाहेर थांबवतात. कुणावर संशय आहे का, असं विचारतात. उत्तर काहीही असलं तरी बाहेरचे लोक आपापलं ठरवून मोकळे होतात. म्हणून वाक्य आटोपशीर असावं, त्यात शंकेला जागा नसावी, असं मला वाटलं. उजवा हात, खांदा, मानेची उजवी बाजू आणि छातीचा वरचा भाग भाजलेला असताना माणसाला असं काही सुचू शकतं, याचं आता नवल वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

घटना अशी. माझ्या नवऱ्याच्या मामांचं गगनबावडा रस्त्यापासून आत गुऱ्हाळ आहे. हंगामात एकदा आम्ही तिथे जातो, रस पितो, गरम गूळ खातो आणि वर्षभराची काकवी घेऊन येतो. काकवी म्हणजे गूळ होण्याच्या आधीचा दाट पाक. मोठ्या लोखंडी काहिलीत उसाचा रस आटत असतो, त्यातून लांब दांड्याच्या पळीने हा पाक काढून आपल्या भांड्यात घालतात. उकळत्या पाण्यापेक्षा तो जास्त तापलेला असतो आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, लागेल तिथे चिकटून राहतो. त्या दिवशी हंगाम संपत आला होता. काहिलीजवळच्या कट्ट्यावर आमची किटली भरून ठेवली होती. मी ती उचलली.

इथपर्यंत मला आठवत होतं. त्यानंतर आठवते ती थेट गाडीची मागची सीट, अंगावर ओली चादर आणि काचेतून मागे मागे जाणारे उसाचे ट्रॅक्टर. मधलं काही नव्हतं. ते नवऱ्याने गाडी चालवता चालवता सांगितलं, आणि मी त्याचं वाक्य केलं.

रुग्णालयात मांडीची कातडी काढून हातावर बसवली. ती धरली. घरी सोडलं तेव्हा मी फुलेवाडीच्या पुढे असलेल्या आमच्या फ्लॅटवर न जाता मंगळवार पेठेत आईकडे गेले. कारण सरळ होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, नवरा दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात, आणि ड्रेसिंग बदलायला घरात कुणीतरी बाई हवी. थोडे दिवस, असं ठरलं होतं.

कोल्हापुरात आजारी माणसाला बघायला लोक येतात ते शहाळं घेऊन येतात, आणि आल्यावर विचारतात. आडून विचारायची इथे पद्धत नाही. 

"कसं झालं गं?"

मी वाक्य सांगायची. काकवीने भरलेली किटली उचलत असताना, वगैरे.

"असं व्हय," गल्लीतल्या काकू म्हणायच्या आणि आईकडे बघायच्या. "आणि जावई कुठं होतं तवा?"

"तिथेच होते."

"तिथंच होतं व्हय."

मग शहाळ्याचे भाव, पेठेतलं पाणी, कुणाच्या मुलीचं ठरलं ते. जाताना दारात थांबून आईशी हळू आवाजात दोन मिनिटं. कोल्हापुरातला हळू आवाज आतल्या खोलीत नीट ऐकू येतो.

नवरा संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. त्यालाही लोक तेच विचारायचे. तो मुळात कमी बोलणारा, आणि बोलला की भलतीकडेच जाणारा. मी त्याला सांगून ठेवलं होतं की जास्त तपशील देऊ नकोस, जबाबात आहे तेवढंच सांग. त्याने माझं ऐकलं. शब्दन् शब्द ऐकलं. एकदा एका काकूंनी दुपारी माझ्याकडून आणि संध्याकाळी त्याच्याकडून, असं दोनदा ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या आईला म्हणाल्या, "दोघांचं पाठांतर एक नंबर हाय हो तुमच्या लेकीजावयाचं. शाळंत असती तर बक्षीस मिळालं असतं."

आई हसली नाही. आई त्याच्या आधीपासूनच हसत नव्हती.

आईबद्दल सांगायला हवं. आमच्या घरामागे पूर्वी दोन म्हशी होत्या. वडील गेल्यावर त्यांच्या दुधावर तिने घर चालवलं. दुधाचा रतीब घालायला ती ज्या किटल्या वापरायची त्यातलीच एक, पाच लिटरची, ॲल्युमिनियमची, माझ्या लग्नात तिने मला दिली होती. म्हशी विकल्यावर ती बाकीची भांडी मोडीत घालायला निघाली होती, ही एक ठेवली. काकवी आम्ही तिच्यातूनच आणायचो. अपघातानंतर मामांनी ती स्वच्छ घासून नवऱ्याबरोबर परत पाठवली, आणि नवऱ्याने, कुठे ठेवायची हे न कळून, ती आईच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली.

आई एका सकाळी ती किटली घेऊन माझ्या पलंगाशी आली. झाकण बसवलं, वरून मुठीने एक ठोका दिला आणि माझ्या डाव्या हातात दिली.

"काढ."

निघालं नाही.

"दोन हातांनी मलाबी निघत न्हाय. कडंला उलथनं घालून उचकटाय लागतंय. सायकलीला अडकवून भर बाजारातनं नेलीया मी ही, थेंब सांडला न्हाय कवा. आणि तू मला सांगालीस, झाकण निसटलं."

"आई, तसंच झालं."

"तू बघितलंस?"

उत्तर 'नाही' असं होतं.

त्या दिवसापासून तिची बाजू पक्की झाली. तिने आरडाओरडा केला नाही, नवऱ्याला यायला बंदी केली नाही. फक्त बोलण्यातलं एक संबोधन काढून टाकलं. आमच्याकडे जावयाला 'पावणं' म्हणतात. लग्नापासून ती त्याला तसंच म्हणायची, 'पावणं, जेवून जावा', 'पावणं, गाडी सावलीत लावा की.' आता ती भिंतीला उद्देशून बोलू लागली. "चहा ठेवलाय म्हणावं." "पाऊस यायच्या आत निघायचं असंल म्हणावं." तो समोर उभा असायचा. आणि मी घरी जायचा विषय काढला की एकच सांगायची, "खरं काय ते कळल्याबिगर मी न्हाय पाठवत."

भाजलेल्या जागी नवी कातडी धरते तेव्हा ती वर उचलून येऊ नये म्हणून घट्ट विणीची एक बाही घालतात. दिवसरात्र, अंघोळीपुरती काढायची. उन्हाळ्यात मी ती घातली. आतून खाज येते आणि खाजवायचं नसतं. कोपर सरळ होत नव्हतं, ते रोज थोडं थोडं ताणायचं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा अंगावरच्या सगळ्या खुणा पुन्हा तपासल्या, तेव्हा डाव्या तळपायाला अंगठ्याखाली रुपयाएवढा एक घट्ट पांढरट डाग दिसला. "हेपण भाजल्याचंच दिसतंय की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तिथेही काकवी सांडली असेल." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कोपराकडे वळल्या.

शरीराचं असं चाललं होतं. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला.

एका संध्याकाळी आईने चहा केला. नवरा कप घेऊन माझ्या उजव्या बाजूने आला. मी भिंतीला जाऊन थडकले. कप पाहून घाबरले, असं नंतर लिहिता येतं. त्या क्षणी मला काही वाटलंच नाही. मी पलंगावर होते आणि मग भिंतीपाशी होते, मधे निर्णय असा काही नव्हता. उशी खाली पडली. नवरा कप धरून तिथेच थांबला. दारात आई उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

अपघातातून उठलेल्या माणसाचं असं होतं, एवढं मला वाचून माहीत होतं. पण माझ्या घाबरण्याला साक्षीदार होता, आणि त्या साक्षीदाराच्या दृष्टीने तो पुरावा होता. मुलगी नवऱ्याला पाहून भिंतीला चिकटते. याहून स्पष्ट काय असतं?

खरी अडचण पुढे होती. मी त्याच्या बाजूने रोज सांगत होते, पण मला आठवत काहीच नव्हतं. मी किटली उचलली आणि मी गाडीत होते. मधल्या जागेत कोण कुठे उभं होतं, कुणाचा हात कुठे होता, हे मला माहीत नव्हतं. आईची शंका हळूहळू माझ्यात उतरली. आमचं कधी मोठं भांडण झालं नव्हतं, त्याने कधी हात उगारला नव्हता, हे सगळं मी मनात मांडून पाहत असे. मग तो दारातून आत यायचा आणि खांदा आपोआप आखडायचा. माणूस स्वतःच्या खांद्याचं ऐकतो. त्या महिन्यांत मी त्याच्याबरोबर घरी जाऊ शकेन की नाही हा प्रश्न आईचा राहिला नाही, माझा झाला. मी त्याला हे सांगितलं नाही. तो कप टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकून बसायला शिकला. कारण विचारलं नाही.

पावसाळ्यात मी कामावर परत गेले. संपादकीय विभागात चार वाजता टपरीवरचा मुलगा चहाची किटली घेऊन येतो. मी जागा बदलून खिडकीच्या कोपऱ्यात गेले. सहकाऱ्यांना उजेडाचं कारण सांगितलं. पण एके दिवशी भाजलेल्या बाईची दोन ओळींची बातमी माझ्या पडद्यावर आली आणि मी ती तासभर नुसती उघडी ठेवली. शेवटी शेजारच्याने ती पानात लावली. त्या आठवड्यात मी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे जायला सुरुवात केली.

त्यांनी काय झालं ते सांगायला सांगितलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

"एक विचारू? त्या वेळी पायात काय होतं तुमच्या?"

"म्हणजे?"

"चप्पल, बूट, काय होतं?"

मला सांगता येईना. त्यांनी आणखी विचारलं. ऊन कुठल्या बाजूने होतं? किटली कुठल्या हातात होती? जवळ कसला आवाज येत होता? मी प्रत्येकाला 'माहीत नाही' म्हटलं. त्या म्हणाल्या की घाई नाही, आणि आठवलंच पाहिजे असंही नाही. मात्र हे वाक्य पुढच्या वेळी आणू नका.

वाक्य काढून टाकल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. दोन भेटी मी जवळजवळ गप्प बसले. त्यांनी त्याचीही घाई केली नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली. कोल्हापूरच्या पश्चिमेला त्या दिवसांत संध्याकाळी गाडीच्या काचा खाली केल्या की गुळाचा वास येतो. लोक मुद्दाम काचा खाली करतात. पुण्या-मुंबईहून आलेले तर गाडी थांबवून वास घेतात. अपघातानंतर पहिल्यांदा मी तो रंकाळ्याच्या पुढे घेतला, ऑफिसच्या कामाने जाताना, आणि गाडी थांबवायला सांगून रस्त्याच्या कडेला उलटी केली. ड्रायव्हरला वाटलं गाडी लागली. त्याने पाणी दिलं आणि आलेपाक दिला.

समुपदेशक बाईंनी पायऱ्या ठरवल्या. आधी डब्यात झाकलेला गुळाचा खडा टेबलावर. मग डबा उघडा. मग गूळ हातात. मग त्या रस्त्याने गाडीतून, काचा बंद करून. मग काचा खाली. प्रत्येक वेळी भीती वर चढते, एका उंचीवर थांबते आणि उतरते, ती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढाच नियम. मी ते नेमून दिलेल्या कामासारखं केलं. शेवटची पायरी गुऱ्हाळ होती. ती मी पुढे ढकलत होते.

ढकलणं मामांनी थांबवलं. ते एका सकाळी मंगळवार पेठेत आले, गुळाची ढेप खाली ठेवून बसले आणि आईला म्हणाले, "इनबाई, माझ्या दारात पोरगी भाजली. वर्स व्हायला आलं, तुमी कुणी फिरकला न्हाईसा. मला घास गोड लागत न्हाय. एकदा येऊन जावा."

आई लगेच म्हणाली, "येतो की. कुठं झालं ते बघायचंच हाय मला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. माझ्या हो म्हणण्याला काही धैर्य लागलं असं नाही. आई एकटी तिथे जाऊन तपास करणार, हे मला जास्त अवघड वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. नवरा गाडी चालवत होता, आई मागे माझ्या शेजारी. वाटेत ती त्याच्याशी बोलली नाही. काचा खाली होत्या. वास आला, मळमळलं, आणि ऊसभरल्या बैलगाडीमागे अडकून आम्ही सावकाश गेलो तेवढ्या वेळात ते खालीही बसलं.

गुऱ्हाळाच्या छपरात शिरताना सगळ्यांनी पायताणं बाहेर काढली. काहिलीपाशी कुणी पायताण घालून जात नाही. मामा, नवरा, आई, सगळ्यांनी न बोलता काढली, मीही काढली. आत चुलाणाची धग होती, काहिलीत रस उसळत होता, वर पांढरट वाफ. आईने पदर खोचला आणि कामाला लागली.

"किटली कुठं ठिवलती?"

"हितं, कट्ट्यावर," मामा म्हणाले.

"ही कुठं हुती?"

"हितंच की, कट्ट्याला लागून."

"आणि तुमी?"

"मी आणि बापू तिकडं," मामांनी ढेपा मांडल्या होत्या तिकडे हात केला. बापू म्हणजे माझा नवरा. "ढेपा बघालतो. पाठ हिकडं. वरडली तवा वळलो."

आईने ते अंतर नजरेने मोजलं. "ये, उभी ऱ्हा," ती मला म्हणाली.

मी कट्ट्याशी जाऊन उभी राहिले. फरशी खडबडीत होती, पायाखाली उसाच्या चिपाडाचा ओलसर चुरा, आणि मधे मधे सांडून वाळलेल्या पाकाचे चिकट ठिपके. एक पाऊल टाकलं आणि माझा डावा पाय आपोआप वर उचलला गेला. मी एका पायावर उभी. तो खाली टेकवायचा होता, पण तो टेकेना.

"काय झालं? पोळलं?" आई.

फरशी गार होती. "नाही."

"मग पाय का उचललास?"

मला माहीत नव्हतं. आई खाली बसली, माझं पाऊल हातात घेतलं, म्हशीचा खूर बघावा तसं उलटं करून पाहिलं. अंगठ्याखालच्या डागावर तिचा अंगठा थांबला.

"हे कवाचं?"

"तेव्हाचंच. काकवी सांडली असेल."

"तळव्याला? वरनं सांडलं तर पाऊल भाजंल. तळवा कसा भाजंल?"

मी बोलायला सुरुवात केली, आणि जे बोलले त्याला वाक्य म्हणता येणार नाही. पायाखाली काहीतरी होतं. तापलेलं. पळीतून काढताना थेंब पडले होते, पळीवाला किटलीत ओतत होता तेव्हा मी पाहिले होते, चमकत होते. नाही, आधी किटली. किटली टॉवेलात धरून उजव्या हाताने छातीशी. वाफ तोंडावर येत होती म्हणून मान वळवलेली. म्हणजे उघडी होती. पाऊल टाकलं. पाय ओढला. मग ते सगळं इकडे आलं. मी कुठून कुठे गेले ते मला कळत नव्हतं. मधेच म्हटलं, वास, आणि थांबले. पुन्हा पायावर आले. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. समुपदेशक बाई असत्या तर त्यांनी घाई केली नसती, आईनेही केली नाही. ती पाऊल धरून बसून राहिली.

"आणि झाकण?" शेवटी तिने विचारलं.

माझी डावी मूठ वळलेली होती. कधी वळली ते मला ठाऊक नाही. मी ती वर केली. "या हातात होतं."

हे मला खरंच आठवलं, की त्या जागी उभं राहून जुळवलं गेलं, याची हमी मी देऊ शकत नाही. एवढं सांगता येतं की डावा हात भाजलेला नव्हता, झाकण लांब चिपाडात पडलेलं मामांना सापडलं होतं, आणि तळपायाचा डाग तळपायावर होता.

आई उठली. "मग निसटलं, निसटलं काय लावलंतं इतके दिवस?"

"हा म्हणाला."

सगळे नवऱ्याकडे वळले. तो ढेपांजवळ उभा होता, तिथेच, जिथे मामांनी दाखवलं होतं.

"मी पाठमोरा होतो," तो म्हणाला. "झाकण तिकडं पडलेलं बघितलं. म्हणून मी गाडीत म्हणालतो, निसटलं वाटतंय."

"वाटतंय म्हणालता?"

"व्हय."

"मग ते 'वाटतंय' कुठं गेलं?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिनं काढलं."

हे बरोबर होतं. आमच्या कामात 'वाटतं' ठेवत नाहीत. जे घडलं ते घडलं असं लिहितात, नाहीतर ती ओळच कापतात. एकाच सूत्राकडून आलेली, सूत्राने स्वतः न पाहिलेली माहिती मी छापली होती, आणि त्यावर सही करून त्याच सूत्राला ती पाठ करायला दिली होती.

"आगं, मग निम्मं काढून टाकलंस की गं पोरी," मामा म्हणाले आणि हसले. मग आपण हसलो हे बरं दिसलं नाही असं वाटून त्यांनी काहिलीकडे तोंड केलं.

आई माझ्याकडे पाहत होती, मग नवऱ्याकडे, मग खालच्या फरशीवरच्या त्या ठिपक्यांकडे. काहिलीतला रस उसळत होता आणि जाळ घालणारा माणूस चिपाडाचा भारा घेऊन थांबला होता. आमच्यात काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण आत्ता भारा टाकू नये एवढं कळलं होतं.

माझा पाय अजून वर होता. मी कट्ट्याला धरून उभी होते. नवरा दोन पावलं लांब थांबला होता, सवयीने. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझा खांदा पाहिला. तो आखडला नव्हता. पाय मात्र खाली यायला तयार नव्हता. दोन गोष्टी पहिल्यांदाच वेगवेगळ्या झाल्या होत्या.

"किती वेळ एका पायावर उभी ऱ्हाणार, बगळ्यागत?" आई म्हणाली. आणि मग, मान वळवून, भिंतीला नव्हे, सरळ त्याला:

"पावणं, हिच्या चपला आणा आत."

नवऱ्याने मामांकडे पाहिलं. काहिलीपाशी पायताण येत नाही.

"बघताय काय? मी सांगालोय न्हवं. ज्यो काय दोष लागायचा तो मला लागू दे. आणा."

मामा काहिलीकडेच तोंड करून उभे राहिले. त्यांनी पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं नाही असं ठरवलं. नवरा बाहेर गेला, माझ्या चपला हातात घेऊन आला आणि माझ्या पायाशी ठेवल्या. उकिडवा बसून त्याने डावी नीट सरळ केली. तो माझ्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर होता. मी पाय खाली घेतला आणि चपलेत घातला.

परतताना आई पुढच्या सीटवर बसली. रस्ताभर ती त्याला गाडी कशी चालवावी ते सांगत होती.